शेवटचा पाना

विष्णुपंतांनी लाल गाडी गॅरेजच्या दारात लावली, कमरेवर हात ठेवून कण्हत बाहेर आले आणि रामराम राहिला बाजूला, पहिलंच वाक्य असं बोलले, "आप्पासो, सांगलीला तो अनीश म्हणून आहे ना, त्याला एकदा विचारू या का?"

आप्पासोंच्या हातात चहाचा ग्लास होता. तो त्यांनी खाली ठेवला. बावीस वर्षं! बावीस वर्षं ह्या गाडीच्या बॉनेटला आप्पासोंशिवाय दुसऱ्याचा हात लागला नव्हता. सातारच्या एमआयडीसीच्या रस्त्याला गॅरेजं पन्नास झाली असतील, पण दोन दारांची, बुटकी, आत बसलं की रस्त्याला पाठ टेकतेय असं वाटणारी ती परदेशी गाडी दिसली की लोक म्हणायचे, ही आप्पासोंची गाडी. विष्णुपंतांची नव्हे हो, आप्पासोंची. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले विष्णुपंत नुसते चालवायला होते.

"काय इचारायचं त्येला?" आप्पासो म्हणाले.

"अहो, हेच. पुढून कट्ट कट्ट वाजतंय ना. बुश गेलेत म्हणालात तुम्ही. मग कुठले घालायचे, मिळतील कुठं, ह्यातलं त्याला बरंच कळतं म्हणे. माझ्या साडूची गाडी त्यानेच केली."

बुश म्हणजे फार मोठी गोष्ट नाही. चाकाला धरून ठेवणारा जो लोखंडी आर्म असतो, तो गाडीच्या सांगाड्याला जिथं जोडतात तिथं रबराचा एक गोल तुकडा बसवलेला असतो, मधोमध लोखंडी नळी. तुमच्याआमच्या गुडघ्यात गादी असते ना, तसंच. गादी झिजली की हाडाला हाड लागतं. ह्या गाडीच्या पुढच्या दोन आर्मचे मिळून चार बुश होते आणि चारही गेले होते. पंतांच्या कमरेचे मणकेही त्यांच्याबरोबर जाण्याच्या बेतात होते.

पण आप्पासोंचं दुखणं वेगळंच होतं आणि ते बुशमध्ये नव्हतं. ते पोटात होतं. अनीश! हे नाव गेली दोन वर्षं त्यांच्या कानावर येत होतं. तिशीतलं पोरगं, डिप्लोमा केलेलं, सांगलीला गॅरेज घातलेलं, जुन्या गाड्या नव्या करतं म्हणे. आणि शिकलं कुणाच्या हाताखाली? तर जोतिबाच्या. हा जोतिबा आप्पासोंचाच चेला. नऊ वर्षं इथं हात काळे करून सांगलीला गेला आणि तिकडं आपलं दुकान मांडून बसला. म्हणजे हिशोबानं अनीश आप्पासोंचा नातूचेला लागत होता. कानामागून आला आणि तिखट झाला म्हणतात, ते असं.

"इचारा की," आप्पासो म्हणाले. "आमची काय ना न्हाई."

ना नव्हती म्हणे! तोंडावर मात्र बारा वाजले होते.

पंतांनी तिथंच फोन लावला, तोही व्हिडिओवरचा. आणि मग आप्पासोंना जे बघावं लागलं ते वैऱ्यालाही बघायला लागू नये. बावीस वर्षांत ज्या माणसानं आप्पासोंना कधी बॅटरी धरून उजेड दाखवला नव्हता, ते सत्तरीतले विष्णुपंत कंबर धरून गाडीखाली वाकले आणि त्या पोराला मोबाईलवर गाडीचं पोट दाखवायला लागले. "हे दिसतंय का रे? हे असं फाटलंय. थांब, जरा जवळ नेतो."

"दिसतंय काका," मोबाईलमधनं आवाज आला. गोड आवाज. शुद्ध बोलणं. "वस्ताद आहेत का तिथं? त्यांचं काय मत आहे?"

आता आप्पासोंचं मत काय होतं हे साताऱ्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. रबराच्या जागी रबर. सोळा वर्षं फौजेत ईएमईमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त करणाऱ्या खात्यात, ट्रकांच्या खाली काढलेला माणूस. बुश निवडायचे तर रबराचे, तेही कंपनीच्या मापाचे. ते पॉलीचे, म्हणजे प्लॅस्टिकसारखे रंगीत, कडक बुश येतात ना, त्यांना आप्पासो 'बांगड्या' म्हणायचे. दिसायला छान, टिकायला दांडगे, पण गाडीचा सगळा दणका माणसाच्या टाळूत. हे ते गिऱ्हाइकांना दहादा समजावून सांगायचे.

पण त्या क्षणी त्यांच्या डोक्यात भलतंच शिरलं. हे पोरगं नव्या जमान्यातलं. हे पॉलीच सांगणार. आपण रबर म्हणालो तर पंत म्हणणार, आप्पासो जुने झाले. त्यापेक्षा आपणच आधी म्हणून टाकावं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"पॉली," आप्पासो ठणकावून म्हणाले. "पॉलीच घालायचं. इस्पोर्ट गाडी हाय. कडक बुश पायजे. रबर-बिबर आता कोन घालतंय?"



"वस्तादांचं बरोबर आहे," अनीश म्हणाला, "गाडी शर्यतीला न्यायची असेल तर पॉलीच. पण काका, तुम्ही शर्यतीला जाणार नाही. तुमची कंबर धरलेली, साताऱ्याचे रस्ते असे. मला विचाराल तर रबरच घाला. कंपनीच्या मापाचं मिळालं तर मिळालं, नाहीतर त्याच मापाचं दुसऱ्या एका गाडीचं बसतं, मी शोधतो. पॉली घातलं तर महिन्यानं चरचर वाजायला लागेल आणि तुम्ही वस्तादांना शिव्या द्याल."

पंत हसले. खदखदून हसले. आणि त्या वाकलेल्या अवस्थेत त्यांनी मोबाईलकडं ज्या नजरेनं बघितलं, ती नजर आप्पासोंना चांगली ओळखीची होती. बावीस वर्षांपूर्वी, गाडी पहिल्यांदा नीट सुरू झाली तेव्हा पंतांनी तसंच बघितलं होतं. तेव्हा समोर आप्पासो होते.

आपलंच मत त्या पोरानं आपल्यासमोर सांगितलं, आणि आपण त्याच्या विरुद्ध बाजूला उभे! आप्पासोंच्या अंगाचा तिळपापड झाला. बरं, बोलायचं तरी काय? 'मीबी रबरच म्हणणार हुतो' असं म्हणून दाखवा बघू कुणाला.

त्या दिवशी घरी जेवताना राहीबाईंनी दोनदा भाकरी वाढली, दोनदा ती तशीच राहिली. राहीबाई म्हणजे आप्पासोंची मंडळी. नवऱ्याची नस त्यांना बरोबर सापडायची.

"आवं, काय झालंया? कुनाला खाऊ का गिळू करताय?"

"कुनाला न्हाई."

"मग त्या सांगलीच्या पोराचं नाव मगाधरनं चारदा का घेतलंसा?"

"ते शानं हाय म्हनून! लय शानं! आमी काय गवत उपटलं का हितकी वरसं?"

"शानं आसंल तर आसू द्या की," राहीबाई म्हणाल्या. "तुमच्याच जोतिबाचं चेलं न्हवं का ते? नातवाला पान्यात बगनारा आजा पयल्यांदा बगितला बया."

आप्पासोंनी ताट सरकवलं आणि हात धुवायला उठले. खरं बोललेलं झोंबतं, त्यातून बायकोनं बोललेलं जास्तच.

नवव्या दिवशी बुश आले. अनीशनं कुठून मिळवले देव जाणे, पण कंपनीच्या मापाचे, काळे कुळकुळीत रबराचे चार नग. शनिवारी पंतांचा फोन आला. ते म्हणाले, रविवारी सकाळी अनीश स्वतः येतोय, काम तुमच्याच गॅरेजमध्ये करू. रविवारी त्यांच्या लग्नाला बेचाळीस वर्षं होत होती. त्यांच्या मंडळी क्षमाताई दोन दिवस वाईला माहेरी होत्या. त्यांना तिथून घ्यायचं आणि लाल गाडीतून पाचगणीला जेवायला जायचं, असं पंतांनी ठरवलं होतं. "अनीशला दुपारी चुलत बहिणीच्या साखरपुड्याला परतायचंय, तरी येतोय बिचारा," पंत कौतुकानं म्हणाले.

बिचारा! लिफ्ट आप्पासोंची, बुश दाबून बसवायचं प्रेस आप्पासोंचं, पाने आप्पासोंचे, आणि बिचारा कोण, तर तो.

सकाळी सहाला थंडीत कुडकुडत पोरगं मोटरसायकलवरून हजर. उंच, शिडशिडीत, चष्मेवालं. आल्याआल्या वाकून आप्पासोंच्या पायाला हात लावला. "वस्ताद, जोतिबामामांनी नमस्कार सांगितलाय."

"हं," आप्पासो म्हणाले. "गाडी वर घे. मी बसतो हितं."

आणि ते स्टुलावर बसले. कशाला? चूक धरायला. डोळ्यांत तेल घालून बसले. लग्नाच्या मांडवात रुसलेला व्याही बसतो ना, तस्से. हे पोरगं कुठंतरी चुकणार. चुकायलाच पाहिजे.

पण मेलं चुकेचना! आर्म सोडवले, तर प्रत्येक आर्मवर खडूनं डावा-उजवा लिहिलं. जुना बुश कुठल्या तोंडानं बसला होता त्याची खूण केली. नवा बुश प्रेसमध्ये घालताना तेल नाही, ग्रीस नाही, साबणाचं पाणी लावलं, कारण तेलानं रबर फुगतं. ही अक्कल आप्पासोंनी जोतिबाला दिली होती, जोतिबानं ह्याला दिली असणार. प्रेसचा दांडा तो दमादमानं खाली घ्यायचा, मधेच थांबायचा, बोटानं चाचपायचा, मग पुन्हा. हात असा की बघत राहावं. आप्पासो बघत राहिले आणि आतून जळत राहिले. असा हात आपला होता. चाळीशीत होता. आता सकाळच्या थंडीत बोटं आखडतात आणि बारीक अक्षर दिसत नाही, ही गोष्ट त्यांनी राहीबाईंनासुद्धा सांगितली नव्हती.

साडेदहाच्या सुमाराला दोन्ही आर्म जागेवर चढले. बोल्ट गेले. अनीशनं नट लावले, रिंगपाना घेतला आणि एकेका नटाला वेढे द्यायला लागला.

आणि आप्पासो स्टुलावर ताठ झाले.

गाडी अजून हवेत होती!

रबरी बुशचा हा एकच नखरा असतो. गाडी लिफ्टवर लटकत असताना नट आवळला, की रबर त्या लटकत्या अवस्थेतच जखडून बसतं. मग गाडी खाली आली, चाकांवर वजन आलं, की आर्म वर उचलला जातो आणि रबराला पीळ पडतो. तसं पिळलेलं रबर महिना-दीड महिन्यात फाटतं. म्हणून शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच करायचं. ते पॉलीचे असते तर हा प्रश्नच नव्हता. पण हे रबराचे होते, ह्याच पोरानं निवडलेले. चार वर्षं गॅरेजात काढलेल्यालाही हे माहीत असतं. आणि हा शहाणा हवेतच आवळत होता!

आप्पासोंच्या मनात असे लाडू फुटले की विचारू नका. एका शब्दानं सांगता आलं असतं, 'थांब रं, खाली घेऊन आवळ.' तोंडापर्यंत आलंही होतं. ते त्यांनी चहाबरोबर गिळलं. त्याचं काम, त्याचं पाप. दीड महिन्यानं गाडी पुन्हा वाजणार, पंत पुन्हा ह्याच दारात येणार, आणि मग आपण म्हणणार, 'आवं पंत, आमी बोललो न्हाई, पर पोरानं हवेत आवळलं हुतं.' त्या दिवसाचं चित्र आप्पासोंना इतकं स्पष्ट दिसलं की त्यांना चक्क हसू आलं.

अनीशनं पाना पुसून ठेवला, हात धुतले, घड्याळ बघितलं. साखरपुडा चारचा होता. जॅकेट चढवलं, पुन्हा एकदा वाकून पाया पडला आणि हसत म्हणाला, "माझं झालं. आता तुम्ही बघा, वस्ताद."

आता तुम्ही बघा!

केवढा माज! 'आता तुम्ही बघा, गाडी कशी पळते ते! म्हातारा स्टुलावर बसलाय, बसू दे, बघू दे!' आप्पासोंच्या कानशिलातून वाफ निघाली. ते जागचे हलले नाहीत, 'ये बाबा' म्हणाले नाहीत, नुसतं मान वळवून रस्त्याकडं बघत बसले. मोटरसायकल सांगलीच्या दिशेनं गेली.

अकराला पंत रिक्षानं आले. नवा शर्ट, अत्तर, गजऱ्याची पुडी. आप्पासोंनी लिफ्टचं बटण दाबून गाडी खाली घेतली. पान्याला त्यांनी हात लावला नाही. किल्ली पंतांच्या हातात दिली.

"झालं व्यवस्थित?"

"त्येनंच केलंय. त्येलाच म्हाईत," आप्पासो म्हणाले.

पंत गेले. आप्पासोंनी आणखी एक चहा मागवला, वर दोन खारी मागवल्या. कितीतरी दिवसांनी तोंडाला चव आली होती.

खारीचा दुसरा तुकडा बुडवला आणि मोबाईल वाजला. अनीश. कऱ्हाडला पोचून टपरीवर थांबला होता.

"वस्ताद, शेवटचा पाना मारलात ना? मला आपली उगीच हुरहूर लागली म्हणून विचारतोय."

"कसला पाना?"

"चारही बुशचे नट. मी नुसते बोल्टच्या धाग्याला लावून ठेवलेत, वेढे दिलेत तेवढेच. आवळलेले नाहीत. गाडी चाकांवर आली की तुम्ही आवळणार म्हणून." पोराचा आवाज जरा लाजला. "जोतिबामामांनी पहिल्या दिवशी शिकवलं, शेवटचा पाना वस्तादाचा. तुमच्या गॅरेजात काम करायचं म्हटल्यावर मी कसा मारणार? म्हणून तर म्हणालो ना, आता तुम्ही बघा."

आप्पासोंच्या हातातली खारी चहात बुडाली.

शेवटचा पाना वस्तादाचा. हा नियम त्यांचाच. आखाड्यात शेवटचा हात वस्तादाशी धरतात, तसा त्यांनी गॅरेजात आणलेला. पोरांनी सगळं काम करायचं, पण शेवटचं आवळणं वस्तादानं. कामाला वस्तादाचा हात लागला की ते काम झालं. पण गेली आठ वर्षं गॅरेजात चेला म्हणून कुणी टिकलाच नव्हता, सगळी पोरं कंपन्यांत गेली. नियम सांगायला कुणी उरलं नाही आणि सांगणारा स्वतःच विसरून गेला. नियम जित्ता होता तो सांगलीत.

आणि ते 'बघा'! ही आपली भाषापण अशी की सिनेमा बघा म्हणजे एक, आणि म्हाताऱ्या सासूकडं तेवढं बघा म्हणजे दुसरंच. पोरगं म्हणालं, आता पुढचं तुम्ही सांभाळा. आप्पासोंनी ऐकलं, आता बसा बघत. ज्याच्या मनात जे असतं तेच त्याच्या कानात शिरतं.

"वस्ताद? ऐकताय ना? हॅलो?"

आप्पासोंनी फोन कापला. पंतांना लावला. वाजून वाजून बंद झाला. पंत ही गाडी चालवताना मोबाईल आवाज बंद करून समोरच्या कप्प्यात टाकतात, गाडीचा आवाज ऐकू यावा म्हणून. हे आप्पासोंइतकं कुणाला ठाऊक? पुन्हा लावला. पुन्हा तेच. क्षमाताईंचा नंबर त्यांच्याकडं नव्हता.

वाईपर्यंत रस्ता सरळ होता. पण वाई सोडली की पसरणीचा घाट. त्या वळणांवर पुढच्या चाकाचा आर्म सुटला तर गाडी कुठं जाईल, हे आप्पासोंना कुणी सांगायला नको होतं. दोन जिवंत माणसं. नवा शर्ट घातलेला एक, गजरा माळलेली एक. आणि आपण खारी खात होतो!

पाना पिशवीत टाकून, गॅरेजचं शटर उघडंच ठेवून, एकसष्ट वर्षांचे आप्पासो मोटरसायकलवर बसले. हायवेला उसाच्या ट्रॉल्यांची रांग. डावीकडनं, उजवीकडनं, मिळेल तिथनं काढली. 'आई अंबाबाई, घाटाच्या आधी गाठू दे. मग माझं काय करायचं ते कर.' पाचवडला वाईच्या रस्त्याला वळले तेव्हा डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. वाऱ्यानं म्हणा.

वाईत क्षमाताईंचं माहेर त्यांना माहीत होतं, एकदा बॅटरी बदलायला आले होते. बोळात शिरले तर लाल गाडी दारात उभी. क्षमाताई आत बसलेल्या, पंत स्टिअरिंगवर, भावजय हात हलवतेय. गाडी हलली.

"पंऽऽत!" आप्पासो फौजेतल्या आवाजात ओरडले आणि मोटरसायकल सरळ गाडीच्या तोंडाला आडवी घातली.

"अहो आप्पासो! तुम्ही इथं?"

"उतरा. दोगंबी उतरा. ताई, उतरा आदी."

गाडी इतकी बुटकी की खाली शिरायला मांजराला जागा नाही. आप्पासोंनी अंगणात पडलेल्या जाड फळ्या एकावर एक रचल्या, पंतांना पुढची दोन्ही चाकं त्यांच्यावर चढवायला लावली, आणि बोळातल्या धुळीत उताणे होऊन खाली सरकले. चारातले दोन नट जागेवर होते. तिसरा अर्ध्यावर आला होता. चौथ्याला बोट लावलं तर तो बोटानंच फिरला, शेवटच्या दोन वेढ्यांवर होता. आप्पासो तसेच पडून राहिले क्षणभर. मग एकेक करून चारही आवळले. रबर वजनाखाली होतं, जसं पाहिजे तसं. बुश सुरेख बसले होते. असे बुश त्यांनी स्वतः बसवून किती वर्षं झाली होती!

बाहेर आले तेव्हा पंत हातात रुमाल घेऊन उभे होते.

"मला वाटलंच, ब्रेक मारला की डावीकडं ओढत होती. म्हटलं नवे बुश आहेत, बसतील हळूहळू. काय झालं होतं?"

"नट ढिलं हुतं."

"म्हणजे? अनीशनं आवळलेच नव्हते?"

प्रश्न साधा होता. उत्तरही तयार होतं, अगदी जिभेच्या शेंड्यावर. 'व्हय पंत. पोरगं घाईत हुतं, इसरलं.' एवढंच म्हणायचं. खोटं तरी कुठं? नट त्यानं आवळले नव्हतेच. एवढं म्हटलं की लाल गाडी पुन्हा आप्पासोंची, मरेपर्यंत. आणि ते पोरगं असलं येडं की उलट बोलणार नाही, 'चुकलं माझं' म्हणून मोकळं होईल. आप्पासोंना हे पक्कं माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच त्यांना ते म्हणवेना.

"न्हाई," ते म्हणाले. "त्येनं माझ्यावर सोपवलं हुतं. आवळायचं मी हुतं. मी... इसरलो."

विसरलो! आयुष्यात एक नट विसरला नव्हता ह्या माणसानं. पण जळलो म्हणण्यापेक्षा विसरलो म्हणणं सोपं गेलं.

पंतांनी क्षमाताईंकडं बघितलं, आप्पासोंच्या धुळीनं भरलेल्या पांढऱ्या केसांकडं बघितलं, आणि पुढं होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"होतं हो आप्पासो. वय झालं आपलं. तुम्ही धावत आलात हेच खूप. पण आता मनाला लावून घेऊ नका हं, ह्यापुढं असली कामं आपण अनीशकडंच देऊ. तुम्ही आपलं देखरेख करा."

इतक्या मायेनं म्हणाले की आप्पासोंना वाटलं, ह्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

पंतांनी कप्प्यातून मोबाईल काढला. "अरे बापरे, अनीशचे सात मिस्ड कॉल." खांद्यावरचा हात तसाच ठेवून त्यांनी फोन लावला, आवाज मोठा केला.

"काका! गाडी कुठंय? थांबवा आधी!"

"थांबलीय, थांबलीय. वाईत आहे. आप्पासो आलेत, आवळले सगळे नट. घाबरू नकोस. विसरले होते रे ते."

पलीकडं टपरीवरचा गलका ऐकू येत होता.

"वस्ताद आहेत तिथं?" अनीश म्हणाला. "वस्ताद, तुम्ही विसरणार नाही. जोतिबामामा सांगतात, तुम्ही झोपेतसुद्धा नट मोजता. खरं सांगा, माझं काही चुकलं का? मी काही वावगं बोललो का?"

क्षमाताई बघत होत्या. भावजय बघत होती. पंतांचा हात खांद्यावर होता, जड आणि उबदार. गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. म्हाताऱ्याच्या गप्प बसण्याला कोण नावं ठेवतंय?

"चुकलं," आप्पासो म्हणाले. "काम लय चांगलं केलंस. तेवढंच चुकलं तुजं. मी इसरलो न्हाई पोरा. मला वाटलं तू हवेतच आवळलंस, आनि मी बगत बसलो. म्हनलं फाटू दे. जळलो मी तुज्यावर."

मोबाईल अजून चालूच होता.

विष्णुपंतांनी आप्पासोंच्या खांद्यावरचा हात हळूच काढून घेतला.